तीन, तीस, तीनशे

पणजीत जुलै महिन्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास कुठे येत नाही? किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत येतो, सुट्टीत बंद राहिलेल्या फ्लॅटच्या कपाटात येतो. बियरच्या ग्लासात तो येईल असं मात्र वाटलं नव्हतं. "पयलीं वास घेयात," यजमान म्हणाले, "प्यायची घाई नको." ग्लासात साधी लागर होती, मुद्दाम वर्षभर माळ्यावर ठेवलेली. रंग थोडा काळवंडलेला, फेस बरा, आणि नाकाशी ओला पुठ्ठा. मी तोंड वाकडं केलं तसे ते खूश झाले.

घरात बियर मुरवणारा एक माणूस पणजीच्या मळा भागात राहतो, एवढंच कानावर आलं होतं. फेणी मुरते हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बियर? ती तर फ्रिजमधून काढायची आणि गार आहे तोवर संपवायची वस्तू. म्हणून गेलो.

यजमान मूळचे पेडण्याचे. उभी हयात जहाजांवर गेली, तीही गारठवलेले कंटेनर सांभाळण्यात. मासळी, मांस, केळी घेऊन निघालेला डबा बंदराला लागेपर्यंत एका अंशानेही तापता कामा नये, हेच त्यांचं काम. निवृत्त झाले तरी सवय सुटलेली नाही. आल्तिनो टेकडीच्या उताराला टेकलेलं त्यांचं घर चिऱ्याचं आहे आणि मागची कोठी अर्धी टेकडीत गेलेली. पूर्वी तिथे तांदूळ आणि नारळ असत. खिडकी नाही, भिंत हातभर जाड. मे महिन्यात बाहेर ३३-३४ अंश असताना आतला थर्मामीटर २८च्या आसपास रेंगाळतो. आपल्याला तो गारवा वाटतो, बियरला ती भट्टी. म्हणून कोठीत वाईनचा एक लहान फ्रिज आहे, १२ अंशांवर लावलेला, आणि शेजारी इन्व्हर्टर. बाटल्या वीसेक, सगळ्या उभ्या. आडव्या ठेवल्या की आतल्या हवेशी बियरचा संबंध वाढतो आणि तळाचा गाळ बाजूला चिकटतो.

"तीन, तीस, तीनशे," ते म्हणाले. बियरच्या धंद्यातला हा ठोकताळा आहे. ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस: तिन्हीकडे बियर सारखीच शिळी होते. काटेकोर नियम नव्हे, पण रोख खरा आहे. बाटलीत राहून गेलेला चिमूटभर प्राणवायू उष्णतेत भराभर काम करतो, आणि पुठ्ठ्याचा तो वास त्याचीच करणी. आता ३२ अंश म्हणजे काय? बेल्जियममध्ये कडक उन्हाळा. पणजीत एप्रिलची कुठलीही दुपार. परराज्यातून निघालेला ट्रक, मग गोदाम, मग दुकानाच्या पायरीवर उतरवलेले खोके. तीन दिवस कधी उलटले ते कळतही नाही. "दुकानात मेली ती मेली. माझा फ्रिज तिला उठवत नाही, जिवंत आहे ती तेवढी सांभाळतो."

उजेडाचं वैर वेगळं. हॉप्सचा कडवटपणा ज्या द्रव्यांनी येतो ती उजेडात मोडतात आणि गंधकासारखी दुर्गंधी सुटते. तपकिरी काच बराच अटकाव करते, हिरवी थोडा, पांढरी जवळपास काहीच नाही. कॅनला ही भीती नाही. फ्रिजच्या काचेच्या दाराला त्यांनी आतून काळं कापड लावलंय.

आणि पावसाळा. पत्र्याच्या बुचांना गंज चढतो, लेबलं सुटून गळतात. माझ्यासमोर त्यांनी एकेक बाटली काढली, बुचाची नागमोडी कड सुती फडक्याने टिपली, गंजाचा ठिपका दिसताच ती बाटली वेगळी ठेवली. "ही गणपतीच्या आधी प्यायची." प्रत्येकीच्या मानेला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने महिना आणि वर्ष. लेबल गेलं तरी जन्मतारीख राहते. हे पुसणं मी बराच वेळ बघत बसलो. आजोबा देवघरातली उपकरणी पुसतात तसे ते त्यात रमले होते.

ठेवायची कुठली, यात मात्र ते निष्ठुर आहेत. बहुतेक बियर ठेवायची नसतेच. अंजुणेच्या जुन्या हिप्पीचं नाव घेतलेली 'एट फिंगर एडी' ही गोव्यातली आयपीए. तिचा जीव हॉप्सच्या वासात, आणि तोच आधी उडतो. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावाचं नाव घेतलेली कंपनी 'माका दी' काढते. तिची गव्हाची बियर घरी आणली की संपवायची, बेल्जियन ट्रिपल थोडा दम धरेल. मुरण्यासाठी मद्यांश आठ टक्क्यांच्या वर हवा किंवा बाटलीत जिवंत यीस्ट हवं, कारण ते उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. बेल्जियममधल्या वेस्टमालच्या मठाची ट्रिपल १९३४पासूनची, साडेनऊ टक्क्यांची. तिच्या बाटल्या भाचा आणतो. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काविना आणता येते; ३३० मिलीच्या सहा बाटल्यांचे होतात १.९८ लिटर. हा हिशेब त्यांनी दोनदा सांगितला.

त्यांच्या पेडण्याच्या घरी माळ्यावर गराफांव आहे, फुगीर काचेचा, फेणीने भरलेला. त्याला ना फ्रिज, ना इन्व्हर्टर. ४२-४३ टक्के मद्यांशाला मे महिन्याचं काय भय? उलट तिचा उग्रपणा बसत जातो. फेणीच्या आधीच्या धारेचा हलका हुर्राक मात्र हंगामातच संपवायचा, हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पणजीतला ग्राहक हुर्राकासारखी बियर फेणीसारखी ठेवतो, अशी त्यांची तक्रार.

शेवटी तीन वर्षांची ट्रिपल उघडली. मनुका, मध, फेस मंद, कडवटपणा जवळजवळ मावळलेला. शेजारी त्याच मठाची, भाच्याने नुकतीच आणलेली. खरं सांगू? मला ताजीच आवडली. जुनी चांगली होती, पण वर्षभर चालणाऱ्या फ्रिजच्या विजेएवढी नव्हती. यजमानांना हे पटलं नाही, आणि त्यांच्या कोठीत त्यांनी ते का पटवून घ्यावं?

तुम्हाला हा नाद लागलाच तर आधी अबकारी खात्याची घरसाठ्याची मर्यादा बघून घ्या. नसेल लागला तर एवढंच करा: बाटली उलटीपालटी करून भरल्याची तारीख वाचा, उन्हात मांडलेली घेऊ नका, दुकानदाराच्या फ्रिजमधली मागा. आणि घरी आणून त्याच आठवड्यात पिऊन टाका.