सात कड्यांची साखळी

गरोदर बाईच्या तपासणीचा विषय इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात कशाला, असं बऱ्याच जणांना वाटेल. पण मेळघाटचा विषय निघाला की होस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "फुकट दवाखाना आहे, तरी जात नाहीत. अडाणी, दुसरं काय!" मी धारणी तालुक्यातला. माझी आई गावात 'आशा' आहे. घरोघरी फिरून गरोदर बायकांची नोंद करणं, त्यांना तपासणीला नेणं हे तिचं काम. म्हणून या वाक्याचं उत्तर आपल्याच भाषेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या भाषेत द्यावंसं वाटलं.

आधी तपासणी कशासाठी ते पाहू. आपल्याकडे गरोदरपणात किमान ४ तपासण्या व्हाव्यात असा सरकारी नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हा आकडा ८ वर नेला. तपासणीत वजन, ब्लडप्रेशर, हिमोग्लोबिन, लघवी आणि बाळाची वाढ बघतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, लोहाच्या १८० गोळ्या देतात. यातली गोम अशी की वाढलेलं ब्लडप्रेशर सुरुवातीला दुखत नाही. रक्त कमी असलं तर बाईला नुसता थकवा जाणवतो, आणि थकवा तर रोजचाच! पण बाळंतपणात जास्त रक्त गेलं की जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिच्याकडे वेळ फार थोडा उरतो. दुखत नाही तेव्हाच तपासायचं असतं, आणि दुखत नसताना रोजी बुडवून कोण जातं?

आता साखळी मोजू.

पहिली कडी : दिवस गेल्याचं वेळेवर सांगणं. नजर लागेल म्हणून पहिले तीन महिने बऱ्याच घरांत कुणी बोलत नाही. दुसरी : मजुरी. तपासणी फुकट असली तरी त्या दिवसाची रोजी जाते. तिसरी : सोबत. नवरा कामावर, सासू शेतात, मग घरच्या लहान पोरांकडे कोण बघणार? चौथी : रस्ता. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव तुटतं. डोंगराळ, आदिवासी भागात सरकारी नियमानेच एक प्राथमिक आरोग्य केंद्र २० हजार लोकांसाठी असतं, आणि ते २० हजार लोक दूरदूरच्या पाड्यांवर विखुरलेले. पाचवी : केंद्रावर त्या दिवशी सिस्टर, यंत्र आणि औषध तिन्ही हजर असणं. सहावी : भाषा आणि वागणूक. घरात कोरकू, केंद्रात मराठी. एकदा कुणी खेकसलं की ती बाई पुन्हा येत नाही. भूमका आणि दाई जवळ राहतात, तिच्या बोलीत बोलतात, हेही लक्षात घ्या. सातवी : पाठपुरावा. दिवाळीनंतर बरीच जोडपी कामासाठी बाहेर पडतात, ती होळीला परततात. मधल्या महिन्यांत तिचं रक्त कुणी तपासायचं?

या सातही कड्या सिरीजमध्ये आहेत. समजा, प्रत्येक कडी १० पैकी ९ वेळा नीट चालते. म्हणजे काम तसं चांगलंच! तरी ०.९ ला सात वेळा गुणा. उत्तर येतं ०.४८. शंभरातल्या निम्म्या बायकासुद्धा शेवटपर्यंत पोचत नाहीत. हा आकडा सर्वेक्षणातला नाही, हिशेब कळावा म्हणून धरलेला आहे. यात अडाणीपणा कुठे आला?

खरे आकडेही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५८ टक्के मातांच्या चार तपासण्या झाल्या होत्या. पण लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या फक्त २६ टक्के होत्या. आणि निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय होता.

सिरीज सर्किट सुधारायचं तर काय करतात? एक तर कड्या कमी करतात, नाहीतर पॅरलल वाट देतात. सरकारी योजनांतही हेच सापडतं. अंगणवाडीत महिन्यातून एकदा तपासणी ठेवली की मजुरी, सोबत आणि रस्ता या तिन्ही कड्या हलक्या होतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणीची सोय आहे, ती पाचव्या कडीसाठी. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे. दिवस भरत आले की बाई नातेवाइकासह तिथे आधीच येऊन राहते, मग ऐन वेळी नाला आडवा येत नाही. आणि आशा म्हणजे चालतीबोलती पॅरलल वाट.

आमच्या गावातली एक गोष्ट सांगतो. एका बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं होतं, म्हणजे धोक्याची पातळी. तालुक्याला दाखल हो म्हणून तिला तीनदा सांगून झालं. ती नुसती मान हलवायची, जायची नाही. शेवटी आईने विचारलं, "बाई, अडतंय कुठे?" तेव्हा कळलं, घरी चार शेळ्या होत्या. त्या शेजारणीने सांभाळायचं कबूल केलं आणि ही दुसऱ्याच दिवशी गाडीत बसली. दवाखाना तोच, औषध तेच. गाडं अडलं होतं शेळ्यांपाशी!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही इथे बसून काय करणार? ती सातवी कडी आठवा. गाव सोडून कामाला निघालेल्या बायका कुठे जातात? वीटभट्टीवर, ऊसतोडीला आणि बांधकामावर. आपल्या कॅम्पसवर बांधकाम निघतं तेव्हा पाट्या उचलणाऱ्या बायकांमध्येही एखादी गरोदर असू शकते, आणि तिचं कार्ड गावाकडच्या पेटीत असतं. कार्ड इथलं नाही म्हणून तपासणी अडायला नको. २०११ पासून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी, औषधं, बाळंतपण आणि गरज पडल्यास रक्तसुद्धा मोफत आहे. हे तिला किंवा तिच्या मुकादमाला सांगायला पाच मिनिटं लागतात. एनएसएसच्या मुलींनी आणि होस्टेलच्या मावशींनी मिळून विचारलं तर ती मोकळेपणाने बोलेलही. साइट इंजिनिअरने तपासणीच्या दिवसाची रोजी कापू नये, एवढं सरांनी बघावं.

आणि पुढच्या रक्तदान शिबिरात "उद्या सबमिशन आहे" म्हणून सटकू नका. अडलेल्या बाळंतपणात रक्ताची पिशवी वेळेवर मिळणं, हीसुद्धा एक कडीच आहे.