दहा घरची कार्बाइन

टाइपरायटरवाली अंडरवुड, जूकबॉक्सवाली रॉक-ओला, पंचकार्डाची यंत्रं बनवणारी आयबीएम, टपालाची यंत्रं बनवणारी नॅशनल पोस्टल मीटर. दुसऱ्या महायुद्धात या सगळ्या कंपन्यांनी एकच वस्तू बनवली: अमेरिकी लष्कराची .३० कॅलिबरची एम-१ कार्बाइन. आपल्याकडे कार्बाइन म्हटलं की पोलिसांच्या खांद्यावरची ९ मिमी बंदूक डोळ्यांपुढे येते. ही त्याहून वेगळी. लाकडी दस्त्याची, १८ इंची नळीची, जेमतेम अडीच किलोची आणि प्रत्येक गोळीला स्वतंत्र चाप ओढावा लागणारी. तोफखान्यातले, संदेशवहनातले, मशिनगन आणि उखळी तोफांवरचे सैनिक यांना सव्वाचार किलोची गॅरंड रायफल जड व्हायची आणि पिस्तूल अपुरं पडायचं. त्यांच्यासाठी ऑक्टोबर १९४१मध्ये विंचेस्टर कंपनीचा हा आराखडा स्वीकारला गेला. ऑगस्ट १९४५पर्यंत साठ लाखांहून अधिक कार्बाइन तयार झाल्या. त्यातल्या सुमारे सव्वीस लाख एकट्या जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाच्या.

अशी एखादी कार्बाइन संग्रहात आली की पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या कंपनीची?’ उत्तर बहुतेक वेळा रिसीव्हरवरून, म्हणजे बंदुकीच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावरून, दिलं जातं, कारण क्रमांक तिथेच असतो. पण पुढच्या माशीमागे नळीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव निघतं, सोबत महिना आणि साल. बोल्टवर तिसऱ्याचं अक्षर, दस्त्यावर चौथ्याचं. ‘जुळवाजुळव केलेला माल’ म्हणून लोक तिथेच नाक मुरडतात. मला हा निवाडा घाईचा वाटतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने तर चुकीचाच.

मिसळ मुळात कारखान्यातच झालेली असायची. मुख्य कंत्राटदार दहा होते, पण नळ्या त्यातल्या मोजक्यांकडेच बनत. अंडरवुडच्या नळ्या इतर कंपन्यांच्या कार्बाइनवर सर्रास बसत. मार्लिन आणि बफेलो आर्म्स या कंपन्या पूर्ण कार्बाइन बनवत नसत, तरी त्यांच्या नळ्या या बंदुकांवर दिसतात. कुणाकडे एखादा भाग कमी पडला तर दुसऱ्याकडून तो हलवण्यासाठी उत्पादकांची समन्वय समिती होती. म्हणून सुट्या भागांवर अक्षरांची खूण आली. दस्त्याच्या पट्ट्याच्या खाचेत ‘ओआय’ दिसलं, तर तो दस्ता ओव्हर्टन कंपनीनं इनलँडसाठी कापलेला. खुद्द रिसीव्हरही सुटले नाहीत. क्वालिटी हार्डवेअर या कंत्राटदारासाठी युनियन स्विच अँड सिग्नल कंपनीनं बनवलेल्या रिसीव्हरवर ‘यूएन-क्वालिटी’ असा छाप येतो. अर्विन-पेडरसन या कंपनीची एकही कार्बाइन लष्करानं स्वीकारली नाही. १९४३मध्ये तिचा कारखाना सॅगिनॉ या दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेला आणि तिथले रिसीव्हर पुढे सॅगिनॉनं वापरले. तेव्हा एका बंदुकीवर तीन नावं दिसणं हा दोष नाही. युद्धकाळातलं उत्पादन चालायचंच तसं.

पुढचा थर सैनिकांच्या तक्रारींचा. सुरुवातीच्या कार्बाइनला सेफ्टी म्हणून दाबायचं बटण होतं, चापाच्या कड्यापुढेच. त्याच्या लगत मॅगझिन सोडायचं बटण, तेही दाबायचंच. हातमोजे घातलेल्या किंवा घाबरलेल्या बोटानं सेफ्टी काढायला जावं आणि ऐन लढाईत पंधरा गोळ्यांचं मॅगझिन खाली पडावं, असं होऊ लागलं. मग बटणाच्या जागी फिरवायचा खटका आला. नेम धरायच्या मागच्या साइटचंही तसंच. आधी १५० आणि ३०० यार्डांसाठी दोन भोकांचं उलटवायचं पान होतं, डावी-उजवीकडे सरकवायची सोयच नव्हती. नंतरच्या साइटला ती आली, अंतराचे टप्पेही आले. नळीभोवतीचं अरुंद कडं आधी रुंद झालं आणि युद्धाच्या अखेरीस त्याला संगीन अडकवायची कडी जोडली गेली. नळीवरच्या लाकडी आवरणाचे दोन रिव्हेट चार झाले.

या कडीवरून एक सोपा निष्कर्ष निघतो. नळीवर १९४३चं साल आणि कड्याला संगिनीची सोय, असं एकत्र दिसलं तर ते कडं बहुधा मागाहून बसवलं आहे. उदाहरणार्थ, मेरिल्स मरॉडर्स म्हणून गाजलेली अमेरिकी तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईत उतरली, काही आठवडे देवळालीच्या छावणीत राहिली आणि मग देवगढला सरावासाठी गेली. पुढे ब्रह्मदेशात गेलेल्या त्यांच्या शस्त्रांत कार्बाइनही होत्या. त्यांच्या कार्बाइनवर ही संगिनीची कडी असणं शक्य नाही.

तरीही सालाचा भाव फार चढवू नये. ते नळीचं साल, बंदुकीचं नव्हे. नळी महिनोन्‌महिने कोठारात पडून राहू शकते, आणि झिजली की बदललीही जाते.

सर्वात मोठी उलथापालथ युद्धानंतरची. शस्त्रागारांत हजारो कार्बाइन पूर्ण सोडवल्या गेल्या. भाग धुऊन, तपासून, वर्गवार पेट्यांत टाकले आणि हाताला येतील तसे पुन्हा जुळवले. जुन्या काळ्या-निळसर भागांवर फॉस्फेटचा राखी-हिरवट थर चढला, नवी साइट आणि नवा खटका बसले. दस्त्यावर शस्त्रागाराचा शिक्का आला: ‘एए’ म्हणजे ऑगस्टा, ‘बीए’ म्हणजे बेनिशिया, ‘आरआयए’ म्हणजे रॉक आयलंड. तिथून काही बव्हेरियाच्या पोलिसांकडे गेल्या आणि त्यांच्या रिसीव्हरवर तसं कोरलं गेलं. काही दक्षिण कोरियाला गेल्या आणि १९८०च्या दशकात पुन्हा अमेरिकेत विकायला आल्या. नळीवरचा आयातदाराचा छाप त्याची साक्ष देतो.

आता बाजारात अशा बंदुकीला ‘मूळ रूपात’ आणायची हौस आहे. नवी साइट काढून जुनं पान बसवायचं, रुंद कड्याऐवजी अरुंद घालायचं, दस्त्यावर ताजा शिक्काही मारायचा. ओळखू येतं. साइट खाचेत बसवल्यावर पंचानं ठोकून घट्ट केलेली असते, त्यामुळे ती बदलली की आधीच्या ठोक्यांच्या खुणा रिसीव्हरवर उरतात. खऱ्या शिक्क्याच्या कडा वापरानं, तेलानं बसलेल्या असतात. नव्यानं मारलेल्या शिक्क्यात तंतू तुटलेले दिसतात आणि आत रंग कोवळा असतो. पण त्याहून वाईट म्हणजे सॅंडपेपर. दस्ता चकचकीत करायच्या नादात शस्त्रागाराचा शिक्का पुसला की त्या बंदुकीचा तेवढा प्रवास कायमचा जातो. १९५०च्या आसपासची पुनर्बांधणी हाही लष्करी इतिहासच आहे. तो काढून १९४३चा देखावा उभा करणं मला अजिबात मान्य नाही.

संग्रहालयाची पाटी ‘एम-१ कार्बाइन, अमेरिका, १९४३’ एवढ्यावर थांबते, तीही अपुरी. रिसीव्हर इनलँड, नळी अंडरवुड, कडं आणि साइट नंतरची, पुनर्बांधणी ऑगस्टा: हे चार तुकडे लिहायला दोन ओळी पुरतात. त्यासाठी बंदूक खोलण्याआधी प्रत्येक भागाचा जागच्या जागी फोटो काढावा आणि तिरक्या उजेडात दस्ता फिरवून पाहावा. समोरच्या दिव्यात न दिसणारे शिक्के तेव्हा दिसू लागतात.