ठरलेला निकाल आणि खरा घाम

नव्वदच्या दशकातील उन्हाळी सुटीची दुपार. पेढीवरची मंडळी जेवून वामकुक्षीला गेलेली आणि माडीवर मुलांचा पत्त्यांचा डाव रंगलेला. पत्ते नेहमीचे बदाम-इस्पिकाचे नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एका अमेरिकन कुस्तीगिराचे छायाचित्र आणि त्याखाली त्याची उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या व क्रमांक. यांना ‘ट्रम्प कार्ड’ म्हणत. एकाने वजन पुकारायचे, दुसऱ्याने आपला पत्ता उघडायचा; ज्याचा आकडा मोठा, त्याला दोन्ही पत्ते. हा डाव कंटाळवाणा झाला की दूरचित्रवाणीला जोडायच्या खेळाची पिवळी कॅसेट निघे आणि दोन मुले ‘कॉन्ट्रा’ खेळू लागत. तीस जीव मिळवण्यासाठी सुरुवातीला कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबायची, हे गुपित एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडी जात असे.

तेवढ्यात घरातील कोणी वडीलधारे डोकावत आणि एकच वाक्य बोलून जात, “अरे, ते सगळे खोटे असते.”

त्या पिढीतील मुले आज स्वतः आईवडील आहेत. त्यांची मुले मोठ्या पडद्यावर तीच कुस्ती पाहतात, कन्सोलवर तीच कुस्ती खेळतात, आणि घरात ऐकू येते तेही तेच वाक्य. या वाक्यात तथ्य आहे; परंतु या छंदाचे मर्म त्यात सापडत नाही.

नुरा कुस्ती आणि रंगमंच

महाराष्ट्राला कुस्ती नवी नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले. तेथील लाल मातीभोवती बसणाऱ्या प्रेक्षकाला निकालाशी कर्तव्य असते. कोणाची पाठ मातीला लागली, यावर सारे ठरते. दोन मल्लांनी आधी संगनमत करून लढत केली तर तिला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि मराठीत हा शब्द आजही निंदेचाच आहे. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला अमेरिकन व्यावसायिक कुस्ती फसवणूक वाटली, तर त्यात नवल नाही.

मात्र फसवणुकीसाठी फसणारा असावा लागतो. या कुस्तीच्या धंद्यात कित्येक दशके एक अलिखित नियम होता: निकाल ठरलेला असतो, हे बाहेरच्या माणसाला कळू द्यायचे नाही. त्यांच्या बोलीत या मौनाला ‘केफेब’ म्हणतात. १९८९ साली ते मौन अधिकृतपणे सुटले, आणि कारण निखळ व्यापारी होते. न्यू जर्सी राज्यात कुस्तीवर क्रीडा आयोगाचे नियंत्रण होते आणि प्रक्षेपणावर करही होता. त्यातून सुटका व्हावी म्हणून वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, राज्याच्या सेनेटसमोर सांगून टाकले की, आमची कुस्ती ही खरीखुरी क्रीडास्पर्धा नसून प्रेक्षकांचे मनोरंजन आहे. ज्या गुपितासाठी कुस्तीगिरांच्या पिढ्यांनी सार्वजनिक जीवनातही सोंग वठवले, ते कराच्या हिशेबात उघडे झाले.

तेव्हा प्रेक्षक पाठ फिरवतील, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या कुस्तीची लोकप्रियता शिगेला पोहोचली. याचा अर्थ स्पष्ट आहे. चाहता निकालावर विसंबून नव्हताच.

याचे उत्तर हवे तर कोकणात किंवा गोव्यात रात्रभर चालणारा दशावतार पाहावा. दैत्य अखेरीस मरणार, हे पहिल्या रांगेतील लहानग्यालाही ठाऊक असते. तरीही मृदंग घुमू लागला आणि दोन नट युद्धनृत्याला भिडले की पेंगणारे प्रेक्षक ताठ होऊन बसतात. दशावतारी नटांपाशी लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते, संवाद रंगमंचावर सुचतात. व्यावसायिक कुस्तीतही शेवट ठरलेला असतो, पण मधले कितीतरी डाव दोघे मल्ल प्रेक्षकांचा रंग पाहून, एकमेकांच्या कानात कुजबुजून, त्याच क्षणी ठरवतात. प्रेक्षक थंड पडले तर गती वाढवायची, ते उसळले तर थांबून तो क्षण लांबवायचा. जाणता चाहता पाहतो ते हे कसब. कोण जिंकले यापेक्षा कसे जिंकले, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला किती मोठे केले, यावर त्याची चर्चा तासन्‌तास चालते.

ठरलेल्या लढतीचा खेळ कसा करावा?

याच ठिकाणी व्हिडिओ गेम करणाऱ्यांपुढे मोठे कोडे होते. गेममध्ये निकाल खेळणाऱ्याच्या हाती असावा लागतो; कुस्तीत तर तो आधीच ठरलेला. मग चाहत्याला जे आवडते ते पडद्यावर आणायचे कसे?

जपानमध्ये १९८३ पासून कुस्तीचे गेम निघू लागले. मासातो मासुदा या प्रोग्रॅमरने निन्टेन्डोच्या ‘प्रो रेसलिंग’वर काम केले आणि पुढे १९८९ मध्ये ‘फायर प्रो रेसलिंग’ ही मालिका सुरू केली. या मालिकेत बटणे भराभर दाबून काही साधत नाही. दोन मल्ल एकमेकांना भिडण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबावे लागते. घाई करणारा हमखास फसतो. आरंभीच मोठा डाव टाकू पाहणाऱ्याला प्रतिस्पर्धी उलटवतो. आधी लहान डावांनी त्याला थकवावे, मग मधले, आणि शेवटी मोठे, हा खऱ्या लढतीचा क्रम गेम शिकवतो. पुढील काही भागांत तर लढत संपल्यावर ती किती रंगली याचे गुणही मिळू लागले. म्हणजे लढत जिंकूनही गुण कमी पडू शकतात, आणि हरलेली लढत उत्तम ठरू शकते.

निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी २००० साली आलेल्या ‘नो मर्सी’ने हीच जाण वेगळ्या रीतीने दाखवली. मारामारीच्या बहुतेक गेममध्ये पडद्याच्या वरच्या बाजूला घटत जाणारी जीवनरेषा असते. ‘नो मर्सी’मध्ये ती नाही. तेथे आहे ती मल्लाच्या उमेदीची पट्टी. डाव साधला की ती चढते, मार बसला की उतरते, आणि प्रेक्षकांकडे पाहून शड्डू ठोकावा तसा आविर्भाव केला तरीही चढते. ती पूर्ण भरली की मल्लाचा हुकमी डाव टाकता येतो. शरीर किती उरले यापेक्षा उमेद किती उरली, हे मोजणारा तो खेळ होता. म्हणूनच ते यंत्र केव्हाच कालबाह्य झाले, तरी चाहते तो गेम आजही खेळतात आणि त्यात आपल्या हाताने नवे मल्ल घालत राहतात.

माडीवरून रिंगणात

काही चाहत्यांनी हा छंद जन्मभर जपला आणि तोच त्यांचा व्यवसाय झाला. कॅनडातील विनिपेगचा टायसन स्मिथ हा ‘केनी ओमेगा’ या नावाने ओळखला जाणारा मल्ल त्यांपैकी एक. अमेरिकेतील प्रशिक्षणाचे वातावरण न मानवल्याने तो तेथून बाहेर पडला. जपानमधील डीडीटी या छोट्या, काहीशा विक्षिप्त कुस्तीसंस्थेच्या लढती पाहून तो भारावला आणि त्याने तेथील मल्लाला ध्वनिचित्रफितीतून आव्हान धाडले. २००८ मध्ये त्याला तेथे लढण्याची संधी मिळाली. तो जपानी भाषा शिकला आणि तेथलाच झाला. ‘फायनल फँटसी ७’ या १९९७ च्या गेममधील खलनायकाच्या संगीताचे नाव त्याने आपल्या हुकमी डावाला दिले: ‘वन-विंग्ड एंजल’. ९ जून २०१८ रोजी ओसाका येथे एका तासाहून अधिक चाललेल्या लढतीत काझुचिका ओकादाला हरवून तो आयडब्ल्यूजीपी हेवीवेट विजेता झाला.

त्यानंतर काही दिवसांतच हा विजेता लॉस एंजेलिस येथील ‘ई-थ्री’ या गेमच्या प्रदर्शनात ‘स्ट्रीट फायटर’ खेळायला बसला. समोर होता डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘न्यू डे’ या चमूतील झेवियर वुड्स आणि त्याचे सहकारी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मल्ल एकाच रिंगणात उतरणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते; व्हिडिओ गेमच्या मंचावर ते घडले.

वुड्सने २०१५ मध्ये गेम खेळण्याची यूट्यूब वाहिनी सुरू केली होती. तिचे नाव ‘अपअपडाउनडाउन’. ‘कॉन्ट्रा’त तीस जीव देणाऱ्या गुप्त क्रमाची ही पहिली चार बटणे. माडीवरच्या दुपारी तोंडी पसरणारे गुपित आणि अमेरिकेतल्या एका मल्लाच्या बालपणाची आठवण, दोन्ही एकच. लहानपणापासून ‘किंग ऑफ द रिंग’ होण्याची इच्छा असल्याचे तो वर्षानुवर्षे जाहीरपणे सांगत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये रियाध येथे ती पूर्ण झाली. निकाल अर्थातच कोणीतरी लिहिला होता. पण तो आपल्या नावे लिहिला जावा एवढी योग्यता मिळवायला त्याला अनेक वर्षे लागली, आणि ती वर्षे कोणी लिहून दिलेली नव्हती.

गिऱ्हाईक कशावर रागावते?

चाहत्याची पारख किती कठोर असते, हे २०१९ मध्ये दिसले. त्या ऑक्टोबरात आलेला ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२०’ हा गेम सदोष निघाला. मल्लांचे चेहरे विद्रूप दिसत, देह जमिनीत रुतत, खेळ मध्येच बंद पडे. १ जानेवारी २०२० रोजी तर तो अनेकांकडे सुरूच होईना. यंत्रातील घड्याळ मागील वर्षावर नेले की चाले. चाहत्यांचा संताप एवढा उसळला की पुढच्या वर्षीचा गेम रद्द करावा लागला. नवा भाग मार्च २०२२ मध्ये, पुरेशी तयारी करून बाजारात आला.

ज्या गिऱ्हाइकाने ठरवून केलेली कुस्ती आनंदाने स्वीकारली, त्याने कच्चा माल मात्र स्वीकारला नाही. सोंग हे सोंग म्हणून समोर आले तर त्याची तक्रार नसते. पूर्ण दाम घेऊन अपुरे काम हाती ठेवले, तर तो ते विसरत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

जे खोटे नसते

‘ते खोटे असते’ या वाक्याचा सर्वांत मोठा धोका असा की, मूल त्याचा अर्थ ‘त्यात लागत नाही’ असा घेऊ शकते. रिंगमधील जमीन म्हणजे पोलादी चौकटीवर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर कॅनव्हास. हनुवटी छातीला टेकवून, सपाट पाठीवर, हात आपटून पडायला शिकण्यातच नवशिक्यांचे महिने जातात. एवढे करूनही अपघात टळत नाहीत. ११ मार्च २०२२ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे वुड्सच्याच चमूतील ‘बिग ई’ रिंगबाहेर टाकलेल्या एका डावात डोक्यावर पडला आणि त्याच्या मानेचे दोन मणके मोडले. त्यानंतर कित्येक वर्षे तो रिंगमध्ये उतरू शकला नाही. त्या लढतीचा निकाल ठरलेला होता. मोडलेली मान कोणी ठरवलेली नव्हती.

म्हणून पलंगावरून लहान भावावर उडी घेणाऱ्या मुलाला ‘ते खोटे आहे’ एवढे सांगून भागत नाही. ‘ते खरे आहे, फार अवघड आहे, आणि वर्षानुवर्षे शिकलेल्यांनाही त्यात इजा होते’ हे उत्तर अधिक प्रामाणिक आहे आणि अधिक उपयोगाचेही.

दुसरी सावधगिरी पैशाची. नव्या गेममध्ये मल्लांच्या पत्त्यांची बंद पाकिटे मिळतात. ती गेममधल्या आभासी चलनाने घेता येतात आणि ते चलन खऱ्या पैशांनी विकत मिळते. पाकिटात कोणता मल्ल निघेल, हे उघडेपर्यंत कळत नाही. हवा तो पत्ता निघेपर्यंत मूल पाकिटे उघडत राहते, आणि मोबाइलशी जोडलेल्या खात्यातून रक्कम निमूटपणे वजा होत राहते. माल न पाहता सौदा करू नये, हा पेढीवरचा पहिला धडा येथे मुलाला सहज देता येतो. जुन्या ट्रम्प कार्डांत पूर्ण संच एकदाच घेतला जाई, आणि हरलेले पत्तेही संध्याकाळपर्यंत परत जिंकता येत.

या दोन गोष्टी सांभाळल्या, तर उरतो तो एक रसिक. घरातला एखादा मुलगा शेकडो मल्लांचे डाव, त्यांची वैरे, त्यांचे पुनरागमन आणि कोणत्या वर्षी कोणती लढत का गाजली हे बिनचूक सांगतो, तेव्हा तो केवळ वेळ दवडत नसतो. गाण्याच्या मैफलीत जाणकाराने मान डोलवावी, तशी त्याची दाद असते. ती ऐकायला घरात कोणी असावे, एवढीच त्याची अपेक्षा.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. एखाद्या रविवारी दुकान बंद असताना वडिलांनी शेजारी बसावे, दुसरा कंट्रोलर हाती घ्यावा आणि विचारावे, “यातला चांगला मल्ल कोणता, आणि तो चांगला का?” पहिल्या डावात ते हरणार, हे ठरलेलेच आहे. जुन्या कपाटाच्या तळाशी रबराने बांधलेला ट्रम्प कार्डांचा संच अजून असेल, तर त्यानंतरचा डाव त्या पत्त्यांवर खेळता येईल.