दरीच्या काठावरचे रेल्वेचे हॉटेल : एल तोवार

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात कोलोराडो नदीने खडक कोरत घडवलेल्या ग्रँड कॅन्यन या महादरीच्या दक्षिण काठावर जानेवारी 1905 मध्ये सुरू झालेले ‘एल तोवार’ हॉटेल हे मुळात रेल्वेने स्वतःच्या गरजेपोटी उभारलेले होते. सांता फे रेल्वेने 1901 मध्ये विल्यम्स गावापासून सुमारे 103 किलोमीटरचा फाटा या काठापर्यंत नेला, त्यामुळे घोडागाडीचा कष्टाचा प्रवास काही तासांवर आला. परंतु उतरलेल्या प्रवाशाला चांगला मुक्काम मिळाल्याखेरीज तिकिटे खपणार नव्हती, हे कंपनी जाणून होती.

वास्तुरचनाकार चार्ल्स व्हिटल्सी यांनी स्विस लाकडी घरे आणि नॉर्वेतील जुनी काष्ठवास्तू यांचा मेळ घालून आराखडा केला. वाळवंटी प्रदेशातल्या या इमारतीसाठी लाकूड ओरेगॉनहून आगगाडीने आले. इतकेच नव्हे, तर काठावर पुरेसे झरे नसल्याने पिण्याचे पाणीही सुमारे 190 किलोमीटरवरून टाकीच्या डब्यांतून आणावे लागे. कोलोराडोसारखी नदी खोल तळाशी वाहत असताना वर प्रत्येक थेंब रुळांवरून यावा, यातूनच हे हॉटेल रेल्वेवर किती विसंबून होते ते दिसते. व्यवस्था फ्रेड हार्वी कंपनीकडे होती. रेल्वे स्थानकांवरील स्वच्छ भोजनगृहे आणि तेथे वाढणाऱ्या शिस्तबद्ध तरुणी, म्हणजे ‘हार्वी गर्ल्स’, यांसाठी ती कंपनी ख्यातनाम होती.

मे 1903 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट येथे आले, तेव्हा रेल्वेने अगदी कड्यावर हॉटेल न बांधण्याचे ठरवले आहे, याबद्दल त्यांनी जाहीर समाधान व्यक्त केले आणि दरी आहे तशीच राहू द्यावी असे आवाहन केले. प्रत्यक्षात हॉटेल कड्यापासून जेमतेम 20 फुटांवर उभे राहिले. वास्तू कितीही देखणी असली, तरी निसर्ग जपण्याच्या इच्छेवर व्यापाराने येथे मात केली, हे मान्य करावेच लागते. शेजारच्या ‘होपी हाउस’ या, मेरी कोल्टर यांनी होपी या मूलनिवासी समाजाच्या घरांवरून योजलेल्या वास्तूबाबतही तेच म्हणता येईल; कारण तेथे होपी कारागिरांच्या कलेला आदर मिळाला, पण त्यांचे राहणेही पर्यटकांपुढे मांडले गेले.

पुढे मोटारींनी रेल्वेचे प्रवासी ओढून नेले आणि 1968 मध्ये ही गाडी बंद पडली. हॉटेलला 1987 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि 1989 पासून विल्यम्सहून आगगाडी पुन्हा येथवर येते.