चित्रपुस्तकातून संविधान-शिक्षण : पाठांतराकडून आकलनाकडे

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शाळांमध्ये २६ जानेवारी २०२० पासून परिपाठाच्या वेळी संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन व्हावे, असा निर्णय राज्य शासनाने घेतला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभीही उद्देशिका छापलेली असते. त्यामुळे ‘सार्वभौम’, ‘धर्मनिरपेक्ष’, ‘गणराज्य’ हे शब्द लहान वयातच मुखोद्गत होतात. परंतु मुखोद्गत होणे आणि आकलन होणे यांत अंतर आहे. पाढ्यांच्या बाबतीत हे अंतर पुढे आपोआप भरून निघते. कारण व्यवहार पाढ्यांची प्रचीती देतो. ‘समानता’ या शब्दाच्या बाबतीत मात्र मुलाच्या भोवतीचा व्यवहार पुष्कळदा विरुद्ध साक्ष देत असतो. ही दरी भरून काढण्यास चित्रपुस्तक कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संविधान आणि चित्र

भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सचित्र आहे. इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी केले; सजावट शांतिनिकेतनातील नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैलापासून दांडीयात्रेपर्यंतचे प्रसंग तीत आढळतात. मात्र ही चित्रे देशाचा इतिहास सांगतात. कलमांचा अर्थ उलगडणे हा त्यांचा हेतू नाही. बालकांच्या चित्रपुस्तकाला नेमके हेच दुसरे कार्य करावयाचे असते.

बालकाची विचारपद्धती

ज्याँ पियाजे यांच्या मते साधारणतः ७ ते ११ या वयातील मूल मूर्त वस्तू व प्रसंग यांच्या आधारे तर्क करते. अमूर्त व्याख्या त्याला परकी वाटते. परंतु खाऊची वाटणी चुकली की ते तत्काळ तक्रार करते. याचा अर्थ, न्यायाची जाणीव त्याच्याजवळ असते. ‘न्याय’ ही संज्ञा तेवढी नसते. म्हणूनच प्रथम प्रसंग, नंतर प्रश्न आणि शेवटी शब्द, हा अध्यापनाचा क्रम योग्य ठरतो. चित्रपुस्तकात हा क्रम स्वाभाविकपणे साधता येतो.

कलमांमध्ये दडलेली चित्रे

संविधानातील अनेक तरतुदी मुळातच चित्रमय आहेत. अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या यादीमागे महाडच्या चवदार तळ्यासारखा इतिहास उभा आहे. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. एका पानावर तळे, पाणी पिणारी गुरे आणि दूर उभी केलेली माणसे. समोरच्या पानावर तेच तळे आणि ओंजळीत पाणी घेणारी तीच माणसे, एवढे चित्र पुरेसे आहे. ‘ही माणसे लांब का उभी होती?’ असे मुलाने विचारले की पाठ सुरू झाला. त्याचप्रमाणे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २१-क, म्हणजे ६ ते १४ वयोगटाचा शिक्षणाचा हक्क, दप्तर घेतलेले मूल आणि चहाचे पेले विसळणारे मूल एकाच चित्रात दाखवून समजावता येतो.

उपलब्ध साहित्यापैकी लीला सेठ यांचे ‘वुई, द चिल्ड्रन ऑफ इंडिया’ (२०१०) हे पुस्तक उद्देशिकेतील शब्द एकेक घेऊन सचित्र उलगडते. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांचे ‘भीमायन’ हे चित्रमय चरित्र काहीशा मोठ्या मुलांसाठी उपयोगी आहे.

मर्यादा व दक्षता

पहिली मर्यादा गौरवीकरणाची. तिरंगा, संसद भवन आणि थोर पुरुषांच्या तसबिरी यांनीच पाने भरली, तर आदर निर्माण होतो, प्रश्न निर्माण होत नाही. दुसरी मर्यादा साचेबंदपणाची. टोपी, फेटा, क्रूस व टिळा धारण केलेली चार मुले हातात हात घालून उभी केली की धर्मनिरपेक्षता स्पष्ट झाली, असा समज रूढ आहे. अशा चित्रात माणसाचा वेश तेवढा उरतो. तिसरी बाब अधिक नाजूक आहे. अस्पृश्यतेचे चित्र वर्गात उघडले जाते, तेव्हा त्या वेदनेचा वारसा असलेले मूल समोरच बसलेले असू शकते. शिक्षकाने त्याच्याकडे वळून त्याचा अनुभव विचारू नये. चर्चा चित्रातील व्यक्तीविषयी व्हावी. चित्र जे अंतर देते, तेच त्या मुलाचे संरक्षण होय. बोलावे की नाही, हे त्याने ठरवावे.

भाषेचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. उद्देशिकेची संस्कृतप्रचुर मराठी कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाला दुप्पट दूरची ठरते. चित्राविषयी मात्र ते आपल्या बोलीत बोलू शकते.

निष्कर्ष

चित्रपुस्तक हे उद्देशिका-वाचनाला पर्याय नसून त्याला अर्थ देणारी पूर्वतयारी आहे. अध्यापक विद्यालयांतील प्रशिक्षणार्थींनी एकेका अनुच्छेदावर चार-आठ पानांची पुस्तिका स्थानिक प्रसंगांच्या आधारे तयार करावी, असा प्रकल्प सहज राबविता येईल. त्याचे मूल्यमापन करताना मुलाला किती शब्द पाठ झाले हे न पाहता, चित्र पाहून त्याने कोणता प्रश्न विचारला, हे नोंदवावे. आपल्या गावच्या पाणवठ्याविषयी तोच प्रश्न विचारण्याचे धैर्य मुलात येणे, हे संविधान-शिक्षणाचे खरे फलित होय.