'उद्या ये' म्हटल्याने न टळणारे संकट

बंगळुरूत 1990 च्या दशकात घरांच्या दारांवर व भिंतींवर दोन शब्द दिसू लागले: 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारते, दार उघडणाऱ्याचा घात होतो, पण ही अक्षरे वाचून ती परत फिरते, अशी वदंता होती. 2018 च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने हीच युक्ती पडद्यावर आणली, तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसले.

मात्र हे बालंट जिवंत बाईवर आले की हसू मावळते. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नववधूसह परतताना समुद्रात वादळे उठली. त्याचा ठपका जिच्यावर आला, त्यांत ॲग्नेस सॅम्पसन ही सुईण होती. खुद्द राजाने तिची जबानी घेतली. छळ करून कबुली वदवली आणि 1591 मध्ये तिला गळा आवळून जाळले.

आपल्या नंदुरबारच्या सातपुड्यातही मूल आजारी पडले, जनावर दगावले, की एखादी बाई 'डाकीण' ठरवली जाते. मग मारहाण, बहिष्कार. पुष्कळदा ती विधवा असते आणि तिच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याला छळल्यास 6 महिने ते 7 वर्षे कैद होऊ शकते. कर्नाटकानेही 2017 मध्ये असा कायदा केला. परंतु तापाने फणफणलेल्या मुलाला भगताऐवजी दवाखान्यात न्यायचे, हे घरातल्यांनीच ठरवायला हवे. एका बाईचा जीवही त्यातूनच वाचतो.