मंच दोन फूट, उतार चोवीस फूट

मॉइल या सरकारी कंपनीची भूमिगत मँगनीज खाण ही बालाघाटजवळच्या भरवेलीची ओळख. अशा खाणगावात व्हीलचेअरवरचा वक्ता बोलवायचा, तर हार-नारळाच्या आधी मोजपट्टी काढावी. उताराचं प्रमाण १:१२. म्हणजे मंच दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब हवा. चार जणांनी खुर्ची उचलून वर ठेवणं ही सोय नव्हे, तो तमाशा. माइक बसलेल्या माणसाच्या ओठांशी यावा, स्वच्छतागृहाचं दार तीन फूट रुंद असावं.

अशा माणसाच्या बोलण्याने काय घडतं? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर किशोरवयात लुळं पडलं. त्या खचल्या होत्या. मग भेटले बाबूकाका दिवाण, स्वतः चाकाच्या खुर्चीवरचे उद्योजक. त्या भेटीत व्याख्यान नव्हतं, साध्या गप्पा होत्या; त्यांतूनच उभारी मिळाली. पुढे नसीमादीदींनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन.

कायद्याचंही थोडं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. आणि हो, वक्त्याला मानधन द्यावं. नुसत्या शालीवर भागवू नये.